वाट चुकलेले देवीडॉक्टर

डोक्यावरची टोपी काढायची, काखेत दाबायची, कपाळ पुसायचं आणि समोर दिसेल त्याला म्हणायचं, "भाऊ, वाट चुकलो बा." आमच्या देवीडॉक्टरांची ओळख पटायला एवढं पुरे. समोर गुराखी असो, तहसीलदार असो की झाडाखाली झोपलेला वाटसरू. झोपलेल्याला ते आधी उठवत.

ते डॉक्टर नव्हतेच. मूल गावाकडचे, चार बुकं शिकलेले गृहस्थ. गावोगाव हिंडून लेकरांच्या दंडावर देवी टोचायची, ही त्यांची नोकरी. पण खेड्यात टोचणारा तो डॉक्टर. मी कुरखेड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून साथ आली की लशीची पेटी घेऊन मलाच त्यांच्यामागे जावं लागे. चांदा जिल्हा तेव्हा अख्खा एकच होता, आणि त्यातलं अर्धं जंगल. असल्या मुलखात फिरायची नोकरी या माणसाला कोणी दिली, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, एकदा गेलेल्या वाटेनं दुसऱ्यांदा तरी माणूस नीट जाईल. जात नसत. काल ज्याला विचारलं त्यालाच आज पुन्हा विचारत, आणि तोही बिचारा पुन्हा सांगे.

सांगे म्हणजे काय, सोबत चाले. आमच्या झाडीपट्टीत वाट विचारणाऱ्याला बोट दाखवून मोकळं होता येत नाही. आधी पाणी द्यायचं, मग हातातलं काम टाकून त्याला शिवेपर्यंत सोडून यायचं, अशी रीत. त्यामुळे आमचे डॉक्टर कधी एकटे पोचत नसत. कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसली, सगळं त्यांना वाटेतच समजे. गाव तेवढं सापडत नसे.

एकदा त्यांनी ज्याला वाट विचारली तो स्वतःच हरवलेले बैल शोधत होता. झालं! दोघं मिळून निघाले. संध्याकाळी बैल सापडले. आम्हाला ज्या गावी जायचं होतं ते दुसऱ्या दिवशी सापडलं. मी चिडलो, तर म्हणाले, "कंपाउंडरभाऊ, बैल त सापडले ना जी."

आता ती मुख्य गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस. एका गावात माता, म्हणजे देवीची साथ, आली आणि लेकरं दगावली. शेजारच्या गावात ती पोचायच्या आत सगळ्यांना टोचायचं, असा हुकूम. नागपूरहून आलेली लस आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. ती उन्हानं तापली की तिचं नुसतं पाणी, मग टोचली काय आणि न टोचली काय.

गावात पोचलो तर चिटपाखरू नाही. चुली अजून गरम, कोंबड्या अंगणात, माणसं गायब. टोचल्यानं माता कोपते अशी भीती. आम्ही येतो आहोत हे कळताच सगळी लेकराबाळांसकट रानात पळाली होती. डॉक्टरांनी एका अंगणात पडलेली लाकडी बाहुली उचलून पुसली. मग बाहुली नीट ओट्यावर ठेवून म्हणाले, "चला. ह्या पायवाटेनं कुरखेड्याले लवकर पोचू. मले माहीत आहे."

'मले माहीत आहे' ऐकताच मी दुसरी वाट धरायला हवी होती. पण पेटी त्या दिवशी त्यांनीच उचलली होती. सूर्य डोक्यावर आला, बांबूच्या दाट रांजीत अंग ओरबाडून निघालं, फडकं वाळलं. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आणि मग धूर दिसला. एका नाल्याच्या सावलीत अख्खं गाव भात रांधत बसलं होतं.

त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना. कोणी हललं नाही. डॉक्टरांनी टोपी काढली, काखेत दाबली आणि कपाळ पुसलं.

"भाऊ, वाट चुकलो बा. कुरखेडा कोणीकडं?"

आता रीत म्हणजे रीत. एकानं भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पुढं केलं. डॉक्टरांनी आधी फडकं भिजवून लशीवर घातलं, मग स्वतः प्याले. एक म्हातारी ते बघत होती. ती खुदकन हसली.

"पळा कायले रे," ती बाकीच्यांना म्हणाली. "ज्याले आपल्या घरची वाट सापडत नाई, तो आपलं का वाईट करन? टोच बाबू, पहिले मले टोच."

म्हातारीच्या मागं तिची नातवंडं आली, मग इतरांची. दिवस कलायच्या आत नाल्यातच सगळ्यांचं टोचून झालं. मग भांडी डोक्यावर घेऊन अख्खं गाव आम्हाला शिवेपर्यंत सोडायला आलं. त्या गावात माता आली नाही.

चांद्याच्या साहेबांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "काय युक्ती लढवली!" सगळे तेच म्हणू लागले. डॉक्टर नुसते लाजत. मलाही हळूहळू वाटू लागलं की हा माणूस पक्का बेरकी, आणि इतकी वर्षं मला उगाच पायपीट करायला लावली.

त्यांची बदली झाली, मग ते गावी जाऊन राहिले. आजारी आहेत असं कळल्यावर मी मूलला गेलो. धानाच्या बांध्यांमधून घर सापडेना. चिखलणी करणाऱ्या एकानं बैल उभे केले आणि मला दारापर्यंत आणून सोडलं. डॉक्टर पंधरवड्यापूर्वीच गेले होते. मी त्यांच्या पत्नीला नाल्याची गोष्ट सांगितली. कशी युक्ती केली ते.

"कायची युक्ती जी भाऊ," त्या पदर डोळ्याला लावून हसल्या. "आमच्या लग्नाच्या दिवशी नवरदेव दुसऱ्याच गावच्या मांडवात जाऊन बसले होते. तिथल्या लोकायनं गूळपाणी देऊन आणून सोडलं."

परत निघालो. मूलचा रस्ता समोर दिसत होता, मोटारीचा भोंगाही ऐकू येत होता. बांधावर एक बाई रोवण्याच्या भातरोपांच्या पेंढ्या मोजत उभी होती. मी टोपी काढली.

"बाई, वाट चुकलो बा."

तिनं हात लुगड्याला पुसले, मला पाणी दिलं आणि पुढं चालू लागली.