वारा भाडेकरू

दाजी दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्यातून जबड्यांचे ठसे येतात, दाजी त्यांवरून प्लास्टरचे साचे ओततात, मेणात एकेक दात बसवतात. कवळी तयार झाली की त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ ती मोटरीवर घासून चकचकीत करतो. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, दोघांनी कित्येक अनोळखी माणसांची हसण्याची सोय केली आहे. एकमेकांकडे बघून हसल्याचं मात्र कुणाच्या पाहण्यात नाही.

भांडण गाण्यावरून. दाजींचा देव एक गीतकार. मेहुण्याचा देव, त्याच गीतकाराची गाणी गाणारा गायक. देव वेगळ्या देवळांतले असते तर निभावलं असतं.

"शब्द नसते तर तुझा गवई काय गुळण्या करणार होता?" दाजी विचारत.

"त्यानं गायलं नसतं तर तुमच्या कवीच्या कागदात वाण्यानं जिरं बांधलं असतं."

मग दाजी ठेवणीतली ओळ काढत: ‘दार उघडं टाकून गेलीस, आता वारा भाडेकरू.’ लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ती होणाऱ्या बायकोला ऐकवली होती. तिनं "मी कुठे जातेय?" असं विचारलं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. मेहुण्याच्या मते ती ओळ म्हणजे शुद्ध गाढवपणा. "वारा भाडं भरतो का, दाजी? डिपॉझिट किती घेतलं?"

एका सकाळी रेडिओवर गीतकाराची मुलाखत होती.

"आज कळेल तुला, ती ओळ कुठून आली," दाजी म्हणाले. "माझा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगेल."

"आणि उलटं निघालं तर?"

"तर या खोलीत पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

मुलाखत सुरू होताच मेहुण्यानं मोटर सुरू केली. दाजींनी उठून प्लग उपटला आणि खिशात घातला, वायरीसकट. नंतर ते जे रंगले ते रंगलेच. गीतकार खोकला, तर दाजी म्हणाले, "बघ, खोकतो तोही लयीत." गीतकार आपल्या पाठदुखीबद्दल बोलला, दाजींनी मांडीवर थाप मारली. त्या भरात वरच्या जबड्याच्या साच्यावर त्यांनी खालचे दात बसवले. मेहुण्यानं ते पाहिलं आणि तो अगदी प्रेमानं गप्प राहिला.

मुलाखतकारानं अखेर त्या ओळीचं विचारलं.

गीतकार हसला. "खरं सांगू? ती माझी नाहीच. मी लिहिलेली ओळ चालीत बसेना, तेव्हा गायकानंच स्टुडिओत उभ्या उभ्या ही जुळवली. मला ती अजून नीटशी कळलेली नाही. लोकांना आवडली, म्हणून मी बोललो नाही."

दाजींनी रेडिओ बंद केला.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "काय ओळ आहे हो! रिकामं घर कसं डोळ्यांपुढे उभं राहतं."

"डोंबल उभं राहतं," दाजी म्हणाले. "वारा कधी भाडं भरतो का?"

"भाडं म्हणजे पैसेच का? काव्य कळायला काळीज लागतं."

"मला पहिल्यापासून खटकत होती ती ओळ. गवयाची अक्कल, दुसरं काय!"

दोघांपैकी एकाचीही पापणी लवली नाही. इतक्या वर्षांच्या खंदकांची अशी अदलाबदल झाली, की भांडणाला जराही खीळ बसली नाही.

तेवढ्यात दाजींची बायको चहा घेऊन आली. "काय म्हणाला तुमचा माणूस?"

"ताई, त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलंय," मेहुण्यानं बजावलं.

"नाव कुठे काढतोय मी?" दाजी खेकसले. चुकीचे दात मेणातून उपटता उपटता त्यांनी बायकोला सांगितलं, "फार सुंदर बोलला. मध्येच खरं बोलायची हुक्की आली, तेवढं सोडलं तर."