सगळ्यांच्या जागी एकच साहेब

गल्लीत त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या अर्जातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायची सवय होती, आणि एवढ्यावर ही पदवी मिळून जाते. कोर्टामागच्या रस्त्यावर, किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. एक संगणक, एक प्रिंटर, गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. दुसरी ठेवली की लोक गप्पा मारत बसतात, असं त्यांचं मत होतं.

अर्ज आणि करारनामे हे पोटासाठी. अभिमान होता तो निरोपसमारंभाच्या आणि शोकसभेच्या चार पानी अंकांचा. माणूस नोकरीतून जावो की जगातून, मांडणी तीच: वर मधोमध फोटो, खाली नाव, त्याखाली गुणवर्णन. यासाठी मास्तरांनी एक युक्ती काढली होती. फोटो फाइलमध्ये घालायचाच नाही, नुसती लिंक द्यायची. खरा फोटो एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ‘फोटो’ याच नावाने ठेवायचा. नवं गिऱ्हाईक आलं की जुन्या ‘फोटो’वर नवा टाकायचा, तो आपोआप पानावर येऊन बसतो, मापात, चौकटीसकट.

“फाइल हलकी राहते,” ते झेरॉक्सवाल्याला ऐकवत. “तुमच्यासारखी ओझी वाहत नाही मी.”

एकदा छापून झालं की ती फाइल पुन्हा उघडायची वेळ येत नसे. मेलेली माणसं दुरुस्त्या सांगायला येत नाहीत.

त्यांचे थोरले भाऊ गेले तेव्हाही अंक मास्तरांनीच केला. भाऊ कारखान्यात फिटर. फोटो काढायचा म्हटलं की दात उपटायला बसल्यासारखं तोंड करत. हसतानाचा एकच फोटो होता, वहिनींनी मोबाईलवर त्यांच्या नकळत टिपलेला. तो त्यांनी मास्तरांना पाठवला. पुढे तो मोबाईल बंद पडला आणि वहिनींनी तो देऊन नवा घेतला. अंकाची घरातली शेवटची प्रतही कोणा नातेवाइकाने मागितली म्हणून देऊन टाकली. “मूळ फोटो भावोजींच्या संगणकात आहे,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “काळजी नाही.”

एका सकाळी त्या दुकानात आल्या. “भावोजी, तो फोटो मोठा करून द्या. भिंतीला लावीन म्हणते.”

“हा बघा, एका मिनिटात,” म्हणत मास्तरांनी भावाचा अंक उघडला. नाव भावाचं, खाली ‘कष्टाळू, मितभाषी’ हे शब्दही जागच्या जागी. चौकटीत मात्र पाणीपुरवठा खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले साहेब झुपकेदार मिशांखाली प्रसन्न हसत होते.

“हे कोण?” वहिनींनी विचारलं.

“चुकून दुसरीच फाइल उघडली वाटतं.”

मास्तरांनी आणखी एक उघडली. तो एका बाईंच्या शोकसभेचा अंक होता. ‘प्रेमळ माता, आदर्श गृहिणी’, आणि वर साहेब. तिसरी उघडली, ती हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात निघाली. ‘स्वभावाने गरीब, हाक मारल्यास शेपूट हलवतो.’ साहेबच.

वहिनी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मग हसू ओसरलं. “मग ह्यांचा फोटो कुठे आहे?”

फोटोवर फोटो टाकला की खालचा उरत नाही, हे मास्तरांना तेवढ्यात लख्ख कळलं होतं. तसं सांगता आलं असतं. पण दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, शेजारून झेरॉक्सवाला कान देऊन होता, आणि मास्तर हे मास्तर होते.

“मूळ फोटो घरच्या डिस्कवर आहे,” ते म्हणाले. “जपून ठेवलाय.”

“तेच म्हटलं,” वहिनी म्हणाल्या आणि निश्चिंत होऊन गेल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना दुपारचं जेवण गेलं असतं.

घरी डिस्क नव्हती. मोबाईलमधले जुने मेसेज जागा अडवतात म्हणून मास्तर ते शिस्तीने पुसत. वहिनींचा फोन आला की कधी प्रिंटर बिघडलेला असे, कधी शाई संपलेली. “सावकाश करा भावोजी, घाई नाही,” त्या म्हणत. रस्त्यात त्या लांबून दिसल्या की मास्तर किल्लीवाल्याकडे शिरून नसलेल्या कुलपाची चौकशी करू लागत.

“अहो, जाऊन सांगून टाका,” बायको म्हणाली.

“काय सांगू?”

“मला सांगितलंत तेच.”

“तुला सांगणं वेगळं.”

“हो, माझ्यापुढे घालवायला तुमची अब्रू शिल्लकच कुठे आहे.”

शेवटी ते कारखान्यात गेले. भावाबरोबर काम करणारा क्रेनवाला तिथे अजून होता.

“भावाचा फोटो मागायला माझ्याकडे?” त्याने विचारलं.

“संगणकात जरा गडबड झाली.”

“आमच्या कपाटात नाही होत,” म्हणत त्याने आपल्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला अंकाचं पहिलं पान गोंदाने चिकटवलेलं होतं. ओढलं असतं तर फाटलं असतं. मास्तरांनी मोबाईलने त्याचा फोटो काढला. धूसर आला, पुन्हा काढला.

“चिकटवलेलं बरं असतं,” क्रेनवाला मागून म्हणाला.

तिथून ते थेट वहिनींकडे गेले आणि बसायच्या आधीच बोलले. डिस्क नव्हती. प्रिंटर चांगला होता. फोटो माझ्याच हाताने गेला, आणि मी खोटं बोललो. हे सगळं त्यांनी समोरच्या फरशीला सांगितलं.

वहिनींनी मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघितलं. “गालावर हे काय?”

“ऑइलचं बोट लागलंय, कपाटात. काढता येईल मला.”

“नको. तुम्ही आता काही काढू नका.” त्यांनी मोबाईल परत दिला. “मला पाठवा.”

मास्तरांनी पाठवला. वहिनींनी आपल्या मोबाईलवर उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. “आला. आता तुमच्याकडचा पुसून टाका.”

“वहिनी, असं दोन ठिकाणी असलेलं बरं असतं.”

“असतं. पण तुमच्याकडे नको.”

आवाज नेहमीचाच होता, सावकाश करा म्हणणारा. नक्की पुसायचा का, असं मोबाईलने विचारलं. मास्तरांनी वर पाहिलं. वहिनी वाट बघत होत्या. मास्तरांनी पुसला.

“तो नंतर कचरापेटीत राहतो ना? तिथूनही.”

मास्तरांनी तिथूनही पुसला.

“बसा,” म्हणून वहिनी चहा ठेवायला उठल्या. नको म्हणायचा हक्क आता आपल्याला उरलेला नाही, हे मास्तरांना समजत होतं. ते बसून राहिले.