सारीपाटावरचं यकृत

आमचं यवतमाळ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास मी अॅनाटॉमीत नापास झालो. आमच्या गावात, बोरीत, कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळत होता. फेरपरीक्षेतही गेलो की नागपूर सुटणार, डॉक्टरकी सुटणार आणि मी पुन्हा कपाशीत.

पाठ केलेलं डोक्यात राहीना. वैतागून एका जुन्या धोतरावर मी उताणा माणूस काढला आणि अंगभर सारीपाटासारखी घरं आखली. कवड्या टाकायच्या, सोंगटी ज्या घरात जाईल तिथला अवयव, त्याची रक्तवाहिनी, शेजारी काय, सगळं सांगायचं. चुकलं की सोंगटी मेली, पुन्हा काळजापासून सुरुवात.

खेळायला माझ्यासारखाच नापास झालेला वर्गमित्र जवळच्या तांड्यावरून यायचा. ओसरीवर तो उत्तरेला बसे, मी दक्षिणेला. चित्राचे पाय माझ्याकडे. पहिल्याच दिवशी आई पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवायच्या आधी तिनं कापड फिरवलं. पाय मित्राकडे, डोकं माझ्याकडे.

"जित्या माणसाचे पाय दक्षिणेले करते काय कोणी? मुडदा मांडला का घरात?"

"माय, चित्र हाये थे! मले उलटं दिसून राह्यलं."

मित्राची जागा मागितली, तर म्हणाली, "पाहुण्याले उठवतं काय रे?"

मी कापड सरळ करायचो, ती येताजाता फिरवायची. असला संताप यायचा! शेवटी नाद सोडला. नावं तरी तोंडात बसत होती. यकृत माझ्या उजव्या हाताला, अपेंडिक्सही उजव्या हाताला. न बघताही बोट तिकडेच जाई.

परीक्षेला टेबलावर देह होता, पाय माझ्याकडे. परीक्षक म्हणाले, अपेंडिक्स कुठे शोधाल? हात सरळ माझ्या उजवीकडे गेला.

"उजवी कोणाची? तुमची की त्याची?"

त्यानंतर येत असलेलंही तोंडातून फुटेना. मित्र पास झाला. माझ्याच खेळावर! मी गेलो.

घरी येऊन आईवर भडकलो. "तुह्यामुळं गेलं, माय! तिथं त्याचे पाय माह्याकडं होते."

ती चुलीपुढून उठली नाही. "तिथला तं मेलेलाच होता ना रे," म्हणाली. "तुह्या कापडावरचा मले जिता वाटला. तू त्याचा डॉक्टर होणार होता ना."

मी न जेवता उठलो. कपाशीची वेचणी सुरू झाली होती. सकाळी तिच्यामागं शेतात गेलो.