तात्पुरत्या बाई आणि कागदातला राजा

३ जानेवारी रोजी आमच्या संस्थेने तात्पुरत्या बाईंना अठरा हजार सातशे चाळीस रुपये दिले आणि सेवा संपल्याचे पत्र हातात ठेवले. ४ तारखेला बाई घरी बसल्या. ५ तारखेला त्यांना पुन्हा नेमले. सलग नोकरी झाली की माणूस कायम होण्याचा हक्क सांगतो, म्हणून दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड पाडायचा असा नियम होता. पहिल्या खेपेला रीतसर निरोप समारंभ झाला होता. संस्था एका विदुषीला मुकत आहे, असे तेव्हाचे संचालक सद्गदित होऊन म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी विदुषी हजेरीपटावर सही करायला आल्या तेव्हा त्यांना पाहून मागच्या दाराने निघून गेले. त्यानंतर समारंभ बंद झाला. खंड एकोणीस वर्षे चालू राहिला.

बाईंचा विषय प्राचीन अरबस्तानातल्या भाषा. इस्लामच्याही कित्येक शतके आधी त्या भागात लोक दगडांवर लिहीत. कोणी देवाला नवस लिही, कोणी आपल्या बापजाद्यांची नावे, कोणी विहिरीची मालकी. दगड काही सगळे उचलून आणता येत नाहीत. म्हणून ओला जाड कागद दगडावर अंथरायचा, ब्रशने ठोकायचा, वाळला की सोलून काढायचा. अक्षरे कागदात उमटतात. याला ठसा म्हणतात. असे अकराशे ठसे आमच्या संस्थेच्या कपाटांत आहेत आणि ते वाचता येणारी माणसे संस्थेत दोन. एक बाई, दुसरे बाईंचे यजमान.

यजमानांना सगळे सर म्हणत. ते विभागप्रमुख होते, कायम होते, आणि त्यांना खिडकीची खोली होती. बाईंचे टेबल जिन्याखाली, झेरॉक्स मशीन आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मध्ये. लोक तिथे पाणी प्यायला येत, झेरॉक्स काढायला येत. अरबस्तानाबद्दल विचारायला कोणी येत नसे. बाई पेन्सिलीला टोक करीत आणि भिंग डोळ्याला लावून बसत. स्वभावाने गरीब, पण कागदाच्या बाबतीत कोणाची भीड नाही. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना मोठ्या हौसेने दिली. दुसऱ्या दिवशी ती तीन ठिकाणी खूण करून माझ्या टेबलावर परत आली. शेजारी लिहिले होते, ‘येते. पण व्याह्यांचे आडनाव दोन प्रकारे छापले आहे.’ पत्रिका चारशे छापून झाल्या होत्या.

त्या वर्षी मंत्रालयाने एक कायम जागा मंजूर केली. अट अशी की उमेदवाराचे तीन लेख संस्थेच्या नियतकालिकात तज्ज्ञाच्या शिफारशीने स्वीकारलेले हवेत, आणि ३१ मार्चपर्यंत नेमणूक झाली नाही तर जागा रद्द. बाईंचे दोन लेख झाले होते. बाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. ही जागा गेली तर पुढची त्यांच्या हयातीत येणार नाही, आणि पेन्शन तर मुळीच नाही, हे मी लेखापाल या नात्याने त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले होते.

त्यांनी तिसरा लेख दिला. लेखकाचे नाव काढून टाकायचे, वर फक्त क्रमांक घालायचा आणि तज्ज्ञाकडे पाठवायचे अशी पद्धत. तज्ज्ञांच्या मंजूर यादीत या विषयाची चार नावे होती. पहिले वारले होते. दुसऱ्यांनी विषय सोडून जमिनीच्या दलालीत चांगला जम बसवला होता. तिसरे नाव सरांचे आणि चौथे बाईंचे. बाईंच्या लेखाला सातवा क्रमांक पडला; तो मी सीलबंद करून सरांच्या खोलीत नेला.

सरांनी पहिले पान उजेडाकडे धरले. “हा कोणाचा लेख?”

“गोपनीय आहे सर.”

“भाऊसाहेब, प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात काळा डाग आहे. आमच्या घरच्या प्रिंटरला तो तीन वर्षं येतोय. माझ्याकडूनच दुरुस्त करून आणायचा राहिलाय.”

“गोपनीय आहे सर,” मी म्हणालो आणि पावतीवर त्यांची सही घेतली.

लेख काय म्हणतो हे मला नंतर कळले. सरांचे सगळे नाव एका शिलालेखावर उभे होते. त्यांच्या गुरुजींनी वाळवंटातून आणलेल्या एका ठशात सरांना एका अज्ञात राजाचे नाव सापडले होते. त्या राजाच्या स्वारीवर त्यांनी प्रबंध लिहिला, त्याच्या वंशावळीवर दोन परिषदा गाजवल्या, आणि त्याच्या कारकिर्दीवरचे जाड पुस्तक छापखान्यात जायच्या बेतात होते. सातव्या लेखाचे म्हणणे असे, की राजाच्या नावातली उभी रेघ दगडावर कोरलेलीच नाही. ती कागदाची घडी आहे. गुरुजींनी ठसा बॅगेत मावावा म्हणून दुमडला होता. रेघ काढून टाकली की राजा नाहीसा होतो आणि उरते ती दोन भावांनी विहिरीवर लावलेली सूचना: आज पाणी याचे, उद्या त्याचे, मधेच कोणी बादली घालू नये.

दर वर्षी सरांचे आणि बाईंचे इन्कम टॅक्सचे कागद मी करून देतो. त्यासाठी मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. जेवायला बसवले. सर, बाई आणि सरांच्या आई असे तिघेच घरात. परीक्षकाने लेखकाशी लेखाबद्दल बोलू नये असा नियम असल्यामुळे नवरा-बायको त्यावर बोलत नव्हते. म्हणजे असे बोलत होते:

“परीक्षक म्हणे अजून वाचतोय,” बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

“परीक्षकाला चार कामं असतात,” सर आमटीच्या वाटीकडे बघून म्हणाले. “लेखिकेला एवढी कसली घाई?”

“लेखिकेला नाही. एकतीस मार्चला आहे.”

“कोण बाई हा परीक्षक?” सासूबाईंनी विचारले. “भला माणूस दिसत नाही.”

“भला आहे हो. जेवतो व्यवस्थित. आत्ता दुसऱ्यांदा भात घेतलाय.”

सासूबाईंनी मुलाकडे पाहिले आणि भाताचे भांडे आपल्या बाजूला ओढून घेतले. “मग अडवलंय कशाला त्याने? नावडतीचं मीठ अळणी, म्हणतात, तसं काही आहे का?”

“आई, शास्त्राचा प्रश्न आहे.”

“शास्त्र तुझं, पेन्शन तिची,” म्हातारी म्हणाली. “दोन्ही एका ताटात वाढू नकोस.”

सरांनी ताक न घेताच हात धुतले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला खोलीत बोलावले. मूळ ठसा खिडकीच्या तावदानाला लावून ते तिरप्या उजेडात बघत होते. “ही रेघ बघा. कोरलेली रेघ ओळीत सुरू होते, ओळीत संपते. ही चौकट ओलांडून खाली कोऱ्या कागदात गेलीय. पार कडेपर्यंत.” त्यांनी ठसा तावदानावरून उतरवला. मग म्हणाले, “भाऊसाहेब, सव्वीस वर्षं मी एका घडीला मुजरा करतोय. आणि ते सांगणारं माणूस रोज माझ्यासाठी डबा भरतं.”

त्याच दुपारी अहवाल आला. चार ओळींचा: लेखकाचे म्हणणे बरोबर आहे. प्रस्तुत परीक्षक सव्वीस वर्षे चुकत होता. लेख स्वीकारावा. तळटिपांत सात चुका आहेत, त्या सुधाराव्यात. शेवटचे वाक्य वाचून मला बरे वाटले. माणूस पुरता खचला नव्हता.

बाईंचे काम झाले असे आम्ही धरून चाललो. पण अहवाल समितीपुढे गेला. समिती म्हणजे संचालक, कायदा सल्लागार आणि इतिवृत्त लिहायला मी.

कायदा सल्लागारांनी चष्मा पुसला. “जो तज्ज्ञ सव्वीस वर्षं चुकत होतो असं स्वतः लिहून देतो, त्याला तज्ज्ञ म्हणता येईल का?”

“नाही येणार,” संचालक म्हणाले.

“मग त्याची शिफारस तज्ज्ञाची शिफारस होत नाही.”

“आणि तो चुकत नव्हता असं धरलं तर?”

“तर लेख चूक. नापास.”

संचालकांनी डोके धरले. “म्हणजे तो शहाणा असला तरी बाई गेल्या आणि वेडा असला तरी बाई गेल्या.”

“बाई कोण? लेखाला फक्त क्रमांक आहे,” सल्लागार म्हणाले. “यादीतल्या पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवा.”

यादीतले पुढचे नाव सगळ्यांना माहीत होते. संचालक माझ्याकडे वळले. “भाऊसाहेब, मला अधिकृतपणे काहीच माहीत नाही. अनधिकृतपणे मला झोप लागत नाही. पाठवा.”

मी सातव्या क्रमांकाचा लेख सीलबंद करून जिन्याखाली नेला. बाईंनी पाकीट उघडले, आपलाच लेख पाहिला, आणि पाने मोजता मोजता विचारले, “नीट तपासायचा ना?”

मला तेव्हाच धोका ओळखायला हवा होता. माझ्या मुलीची पत्रिका आठवायला हवी होती.

सरांनी त्यांना संध्याकाळी जिन्याखालीच गाठले. मी पाणी प्यायला उभा होतो. “अगं, ‘स्वीकारावा’ एवढं लिही आणि मोकळी हो. एका शब्दाचं काम.”

“अहो, पण पाचव्या पानावर घोटाळा आहे.”

“कसला घोटाळा? मी वाचलाय.”

“तुम्ही तळटिपा वाचल्यात. विहिरीवरच्या एका भावाचं नाव आणखी चार ठशांवर आहे असं लेखिका म्हणते. मी कपाटातून काढून पाहिले. तीनच आहेत. चौथ्यात तिनेही घडीच वाचलीय.”

“तिने म्हणजे तू!”

“ते मला माहीत असता कामा नये,” बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करू लागल्या.

परीक्षकाचा अहवाल असा आला, की लेखकाने दुसऱ्याची जी चूक दाखवली तीच स्वतः केली आहे. घड्यांचा प्रश्न एका ठशापुरता उरलेला नाही. संग्रहातले सगळे ठसे तिरप्या उजेडात पुन्हा तपासल्याशिवाय लेख छापू नये. मी तो आवक म्हणून नोंदवला आणि जावक करून त्याच टेबलावर ठेवला. बाईंनी लेखिका म्हणून उत्तर दिले: चौथा ठसा मान्य, पण अकराशे ठसे तपासण्याची मागणी मुदतीच्या दृष्टीने अवाजवी आहे. मी ते आवक केले, जावक केले. परीक्षकाचे उत्तर आले: मुदत हा शास्त्रीय मुद्दा नाही. शिपाई म्हणाला, “साहेब, एवढ्या फेऱ्या कशाला? बाईंना एक आरसा आणून द्या.”

मार्च अर्धा सरला होता. मी बाईंना म्हणालो, “बाई, अहो स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेताय.”

“भाऊसाहेब, तुमच्या ताळेबंदात चार रुपयांचा फरक असला तर तुम्ही सही करता का?”

मी आवक-जावकची वही उचलली आणि माझ्या टेबलाकडे निघालो. वाणिज्य शाखेच्या माणसाने चार रुपयांसाठी रात्री जागवलेल्या असतात.

अखेर मार्ग सरांनी काढला. त्यांनी पुस्तकाचे हस्तलिखित छापखान्यातून परत मागवले, खोलीतले टेबल खिडकीशी ओढले आणि कपाटांच्या किल्ल्या बाईंपुढे टाकल्या. “आण ते सगळे. मी धरतो, तू बघ. मला आता घड्या ओळखता येतात.” लेखिकेला कोणाची मदत घ्यायला बंदी नव्हती. रद्द झालेल्या परीक्षकाला मदत करायलाही नव्हती; मी नियमावली दोनदा पाहिली.

दोन आठवडे त्या खोलीत दुसरे काम झाले नाही. सर एकेक ठसा तावदानाला लावीत आणि बाई चौकटीबाहेर जाणारी रेघ शोधीत. मी अधूनमधून डोकावत असे.

“गेला?” सर विचारीत.

“गेला. हा तुमच्या पुस्तकातला तिसरा राजा ना?”

“दुसरा. तिसरा काल गेला. पुढचा घे.”

सगळे मिळून चार राजे, एक लढाई आणि एक देवी गेली. लढाई जाताना सर थोडे हळहळले. तिच्यावर त्यांना पदक मिळाले होते. बाईंचाही पहिला छापलेला लेख त्यात निम्मा गेला. त्याबद्दल हळहळ कोणी व्यक्त केली नाही, कारण तो कोणी वाचलेला नव्हता. कायदा सल्लागारांना हे कळले तेव्हा, मग त्या लेखाची गणना करायची का, असा प्रश्न त्यांनी काढलाच. संचालकांनी त्यांना चहाला बाहेर नेले आणि संध्याकाळपर्यंत परत आणले नाही. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत ठाम निर्णय.

३१ मार्चला दुपारी सुधारलेला लेख आवक झाला. मी तो जिन्याखाली नेऊन ठेवला आणि फिल्टरपाशी उभा राहिलो. बाईंनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळा वाचला. सर झेरॉक्स मशीनला टेकून घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना. “अगं, काल रात्री तूच लिहिलायस!”

“म्हणूनच.”

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पेन घेतले आणि लिहिले: ‘स्वीकारावा.’ कार्यालय बंद व्हायच्या आत संचालकांनी नेमणुकीच्या आदेशावर सही केली. बाईंनी तो आदेशही उभ्या उभ्या वाचून काढला. सुदैवाने त्यात चूक नव्हती. मी स्वतः टाईप केला होता आणि तीन वेळा तपासला होता.

सरांच्या आईंना फोनवर सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “चार राजे घालवून एक सून कायम झाली. स्वस्तात पडलं.”

बाई आता कायम आहेत. टेबल जिन्याखालीच आहे आणि शिपाई अजून तात्पुरत्या बाई असेच म्हणतो. सर दुसरे पुस्तक लिहीत आहेत, घड्यांवर. ते पहिल्यापेक्षा जाड होणार असा रंग दिसतो.

सातव्या लेखाच्या परीक्षकाचे दोनशे रुपये मानधन मंजूर झाले आहे. परीक्षकाची ओळख लेखकाला कळू नये म्हणून बाई पावतीवर सही करायला तयार नाहीत, आणि सही नाही म्हणून मला पैसे देता येत नाहीत. दोनशे रुपये संस्थेकडून देणे आहे.