किंचाळायचं कोणी?

शाळेत पाहुणे आले त्या दिवशी पहिली माती मीच खाल्ली. पालकांपैकी मठ्ठा करायचं काम माझ्याकडे होतं. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ दिसला. म्हटलं, पाहुण्यांना गारेगार पाजू. ओगराळ्यानं एक खडा उचलून पातेल्यात टाकला. पातेलं खदखदलं, पांढरा धूर उसळला, अन् अर्धा मठ्ठा माझ्या नव्या शर्टावर. तो सुका बर्फ होता. प्रयोगासाठी वर्ध्याहून आणलेला.

पाहुणे सर धावत आले. वाटलं, ओरडतील. ते हसले.

"काका, गोंड ना तुम्ही? भूतच वाटलं असेल!"

मीही हसलो. तोंडाला सवयच तशी.

मग सरांनी मोबाइल काढला, तेव्हा मला काहीतरी शिजत असल्याचा वास आला. त्यांच्यासोबत शहरातली चार पोरं होती. हातमोजे त्यांच्या हातात. चिमटे त्यांच्याकडे. आमची हिंगणीची पोरं खाली सतरंजीवर. मग मोबाइलचं तोंड आमच्याकडे कशाला? फळ्यावर लिहिलं होतं, 'स्वतःच्या हातानं विज्ञान'. कोणाच्या हातानं, ते लिहिलं नव्हतं.

सरांनी माझ्या रेणूला उभं केलं. सातवीत आहे ती.

"धूर निघाला की मोठ्यानं किंचाळायचं. भूत, भूत म्हणायचं. मग हा दादा समजावून सांगेल."

"मले भेव नाई लागत, सर. मी चिमटा धरू का?"

"तू फक्त किंचाळ, बेटा."

रेणूनं माझ्याकडे पाहिलं. मघाचं माझं हसू तिनं पाहिलं होतं.

मी उठलो. मठ्ठ्यानं चिकटलेल्या शर्टासकट मोबाइलसमोर उभा. आधी पोट पोचलं, मागून मी.

"माही पोरगी किंचाळणार नाई. बर्फ उचलणार हाय."

"अहो काका, गंमत आहे."

"मंग तुमच्या पोराले किंचाळू द्या."

आता कोणी हसलं नाही. सरांनी डबा बंद केला. मुख्याध्यापक माझ्या कानाशी पुटपुटले, "पुन्हा येतील का हे लोक?"

रेणूच्या हाती चिमटा आलाच नाही. घरापर्यंत ती माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिली.

बायकोला सगळं सांगितलं. शर्ट बादलीत बुडवता बुडवता तिनं विचारलं, "पहिले हसले काऊन तुमी?"

मग शर्ट पिळत तीच म्हणाली,

"पुढच्या बारीले मी येतो शाळेत. पोरीच्या हातात चिमटा आल्याबिगर कोणाले मठ्ठा भेटणार नाई."