नामदेवजींची जपानी करवत

नामदेवजींशी माझी ओळख भांडणातून झाली. प्रताप नगरातल्या आमच्या घराचे दार त्यांनी कबूल करूनही बसवले नव्हते, म्हणून मी तावातावाने त्यांच्या कारखान्यात गेले. त्यांनी फळीचे दुसरे टोक माझ्या हाती दिले आणि जरा धरून ठेवायला सांगितले. दार यथावकाश बसले. मी मात्र तिथलीच झाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे रीतसर सुतारकाम शिकले.

काम मनासारखे उतरले नाही, तर ते गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतच नाहीत. उशिराचे कारण हेच, हे मला मागाहून कळले. शेजारच्या आजींची खाट मोडली, तेव्हा मात्र ते भरल्या ताटावरून उठून गेले होते.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. करवत ढकलणे बंद, असे डॉक्टरांनी बजावले. आपली नेहमीची करवत पाश्चात्त्य घडणीची. ती ढकलली की कापते, म्हणून तिचे पाते जाड लागते. नामदेवजींनी कारखाना बंद करायचे ठरवले, नवे कुलूपही आणले. मला रडूच आले. तेवढ्यात माझ्या मुलाने जपानहून करवत आणली. ती ओढली की कापते. ओढताना पाते ताठ राहते, म्हणून पातळ असले तरी चालते, आणि जोरही कमी लागतो.

पण हाताची सवय जन्माची. टेबलापाशी उभे राहून नामदेवजींनी ती ढकललीच आणि पाते लवले. दुसऱ्यांदाही तेच. त्यांनी करवत बाजूला ठेवली. तेव्हा त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या, "उभ्यानं काहून करून राहिले तुम्ही? मामंजीसारखे खाली बसा ना."

नामदेवजींचे वडील भिवापूरला जमिनीवर बसून, पायाखाली लाकूड दाबून काम करत. नामदेवजी तसेच बसले आणि करवत अंगाकडे ओढली. पायजम्यावर बारीक भुसा पडू लागला.

"ताई, खांदा दुखून नाही राहिला वं," ते म्हणाले. शांताबाई पदराने डोळे पुसत चहा टाकायला गेल्या.

ते नवे कुलूप आता करवतीच्या पेटीला असते, आम्हा शिष्यांपैकी कोणी ती ढकलून पाहू नये म्हणून.

नामदेवजी, आजच्या पंचाहत्तरीनंतरही तुमचा खांदा आणि तुमचा हट्ट दोन्ही ठणठणीत राहोत, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. माझे पुस्तकांचे कपाट तुम्ही कबूल केले आहे. ते सावकाश होऊ द्या; या वेळी मला घाई नाही.