कबुतरं दिली, परत आली

मुकुंदरावांनी नळी तोंडातून काढली आणि खोकत खोकत मॉनिटरकडे पाहिलं. आकडा मागच्या वेळेपेक्षाही खाली गेला होता.

या टेस्टला स्पायरोमेट्री म्हणतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि दम संपेपर्यंत नळीत फुंकायचं, की फुप्फुसात किती हवा मावते ते मशीन सांगतं. मशीनला भीडमुर्वत नसते. तीन महिने माझं औषध चालू होतं, म्हणजे आकडा वर यायला हवा होता.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"हौ. रोजच्या रोज."

शेजारी बसलेल्या मुलीने, अश्विनीने, मान डोलावली.

"आणि कबुतरं दिलीत ना?"

"दिली की. पहिल्याच आठवड्यात."

या वेळी अश्विनीने मान डोलावली नाही. "बाबा, पुढचंही सांगा," ती म्हणाली.

"पुढचं काय? दिली. मग परत आली. त्याला मी काय करू, डॉक्टर?"

मुकुंदराव कोर्टातून रिटायर झालेले. जामबागला पिढ्यान् पिढ्या राहणारं घर, आणि गच्चीवर सव्वीस कबुतरं. जुन्या हैदराबादेत हा शौक अजून आहे. सकाळी थवा उडवायचा आणि मान दुखेपर्यंत वर बघत राहायचं. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा ते दोन वर्षं दम्याचा पंप ओढत होते आणि जिना चढताना धापा टाकत होते. मी विचारलं, खोकला कधी कमी असतो? म्हणाले, पुतणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस नांदेडला होतो, तेव्हा अगदी ठणठणीत होतो. तिथेच माझ्या डोक्यात लाइट लागला.

आजाराचं नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. सोप्या भाषेत सांगते. कबुतरांच्या पिसांचा आणि वाळलेल्या विष्ठेचा बारीक धुरळा श्वासातून आत जातो. काहींचं शरीर त्या धुरळ्याला शत्रू समजून लढायला लागतं आणि फुप्फुसाला सूज येते. सूज औषधाने उतरते. पण धुरळा चालूच राहिला तर सुजेचे व्रण होतात, आणि ते काही केल्या जात नाहीत. म्हणून मी प्रिस्क्रिप्शनवर पहिली ओळ लिहिली होती, 'कबुतरं बंद'. खाली दोन रेघा मारल्या होत्या. माझं स्वतःचं माहेर नांदेडहून नोकरीसाठी हैदराबादला आलेलं, दोन खोल्यांत पाच माणसं. आम्ही काही पाळलं असेल तर ते अभ्यासाचं वेळापत्रक. जनावर सोडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं.

मुकुंदरावांनी कबुतरं सहा-सात किलोमीटरवर दिलसुखनगरला राहणाऱ्या पुतण्याला दिली होती. पुतण्याने दुसऱ्या दिवशी पिंजरा उघडला आणि संपूर्ण थवा जामबागला परत. माझा विश्वास बसला नाही. म्हातारा कबुतरं लपवतोय आणि वर गोष्ट रचतोय, असं वाटलं. वाटलं ते बोलूनही टाकलं.

मुकुंदराव उठून गेले. दुसऱ्या दिवशी अश्विनी झाकणाची टोपली घेऊन ओपीडीत हजर. आत एक पांढरी मादी, शेपटी तेवढी राखाडी.

"ही चांदनी. तुम्ही दिलसुखनगरलाच राहता ना मॅडम? बाबा म्हणाले, डॉक्टरांनी आपल्या हातानं सोडून बघावं."

मीही हट्टी. पक्षी घरी नेला. सकाळी मास्क लावून चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत गेले आणि तिला दोन्ही हातांत धरलं. बोटांखाली तिचं काळीज इतकं भरभर उडत होतं की ठोके मोजता येईनात. मी हात उघडले. ती वर गेली, पाण्याच्या टाक्यांवरून दोन फेऱ्या मारल्या आणि एका दिशेला सरळ निघाली. ना घाई, ना शंका. मी त्या बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं राहतेय. जामबाग कुठल्या बाजूला आहे, हे मला फोन काढून मॅपवर बघावं लागलं. ती बरोबर तिकडेच गेली होती.

चहा गाळत होते, तेवढ्यात अश्विनीचा फोन आला. "पोचली, मॅडम."

चहाचं गाळणं हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. मी रोज छातीचे फोटो वाचते, शरीर आतून कसं चालतं ते मला माहीत आहे असा माझा समज आहे. मूठभर पक्ष्याने सगळा समज उतरवून ठेवला. कोणाला करायचा ते कळत नव्हतं, पण नमस्कार करावासा वाटला. मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी मुकुंदरावांना अश्विनीसह बोलावून घेतलं.

"ती परत येणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

"चाळीस वर्षं पाळतोय, डॉक्टर."

"मग येऊ नयेत म्हणून काय करतात, तेही ठाऊक असेल."

ते म्हणाले, "नव्या जागी कोंडून ठेवायचं. जोडी लावायची. अंडी घातली, पिल्लं निघाली, की मग सोडायचं. मग ती तिथलीच होतात."

"हे पुतण्याला सांगितलंत?"

"त्यानं विचारलं नाही."

कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाचं उत्तर! मला राग आला आणि हसूही आलं. मी दोन्ही सीटी स्कॅन शेजारी शेजारी लावले, जुना आणि नवा. पांढुरकी सावली कुठून कुठे सरकली ते बोटाने दाखवलं. "यातली बरीचशी अजून सूज आहे. आणखी वर्षभराने व्रण असतील. मग मी काही करू शकणार नाही."

अश्विनी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आला तर मी तो ओढीन. पण मला तो ओढायचा नाही."

त्या रविवारी मुकुंदरावांनी कबुतरं घेऊन जायला खालिदभाईंना बोलावलं. खालिदभाई अफझलगंजचे, अत्तराचे दुकानदार आणि कबुतरबाजीतले त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. पुढचं मला अश्विनीने सांगितलं. मुकुंदराव गच्चीवर गेले नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून कोणती मादी कोणत्या नराशी लावायची, कोण काय खातं, कोणाला किती दिवस कोंडायचं, सगळं सांगितलं. एकही गोष्ट राखून ठेवली नाही.

खालिदभाई म्हणाले, "कैकू परेशान होरे मुकुंदभाई? मेरे पास रहे तो भी तुम्हारेच हैं."

"नक्को. मेरे नक्को. तुम्हारेच होना. वैसा रखो."

गच्ची भाड्याच्या माणसांकडून धुऊन घेतली. खुराडी मोडली. सहा महिन्यांनी मुकुंदराव पुन्हा नळीत फुंकायला बसले. आकडा वर आला होता. पूर्ण नाही, थोडे व्रण आता कायमचे आहेत. पण जिना एका दमात चढून आले होते.

जाता जाता दाराशी थांबले. "डॉक्टर, परवा सकाळी खालिदभाईंचा थवा आमच्या घरावर आला होता. मी टॉवेल वाळत घालत होतो. एकूण एक ओळखली. आओ आओ अशी हाक दिली असती तर उतरली असती. चांदनी तर नक्कीच."

"मग?"

त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबून दाखवले. "असा उभा राहिलो. तीन फेऱ्या मारल्या त्यांनी. मग गेली."

मी नुसतीच फाइल मिटली.

आता खोकल्याच्या प्रत्येक पेशंटला मी विचारते, घरात काय पाळलंय. हा प्रश्न पुस्तकात आहे. त्याच्या खाली मी एक पुस्तकात नसलेला प्रश्न जोडला आहे: ते सोडायला तुम्हाला किती दिवस लागतील? लोक आधी बोटांवर दिवस मोजतात, आणि मग बहुतेक जण खरं बोलतात.